नेव्हिल डिसोझा आणि आमच्या घरातलं भांडण

मंडळाच्या बैठकीत यंदाच्या अंकासाठी प्रत्येकानं एकेक चरित्रलेख लिहायचा असं ठरलं, तेव्हा बहुतेकांनी लेखक, संत किंवा समाजसुधारक निवडले. मी फुटबॉलपटू निवडला म्हणून दोघी-तिघी हसल्या. त्यांचंही चुकलं नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी, मैदानावर फार तर सावलीच्या बाजूला बसणारी. पण हा माणूस मी जन्मायच्या आधीपासून आमच्या घरात राहतोय, आणि गेल्या वर्षी त्याच्या नावावरून आमच्या घरात मोठं भांडण झालं. म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे. त्याचं नाव नेव्हिल डिसोझा. जन्म ३ ऑक्टोबर १९३२, मृत्यू १७ मार्च १९८०.

भांडणाचं कारण आधी सांगते. माझा धाकटा भाऊ अठरा वर्षांचा आहे. आमचं घर निपाणीत. तिथून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, आणि कोल्हापूरचं फुटबॉल म्हणजे काय ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर केएसएची लीग सुरू झाली की भाऊ एसटीनं जायचा, पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने बघायचा आणि रात्री उशिरा परत यायचा. बघता बघता तोही खेळायला लागला, आणि बरा खेळायला लागला. गेल्या वर्षी एका क्लबानं त्याला आठ महिन्यांच्या करारावर बोलावलं. राहणं-खाणं क्लबाचं, वर थोडे पैसे. पण त्यासाठी बीकॉमचं पहिलंच वर्ष सोडावं लागणार होतं. डॅडी नको म्हणाले. आठ महिने झाल्यावर पुढं काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. भावाकडं त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं नेव्हिल डिसोझाचं नाव पुढं केलं. नेव्हिलनं कुठं विचार केला होता पुढचा, असं म्हणून तो जेवणावरून उठून गेला. मम्मीनं मला सांगितलं की तू शिकलेली आहेस, तूच त्याला समजाव. समजवायचं तर नेव्हिलचं खरं काय ते आधी कळायला हवं. म्हणून मी शोधायला बसले.

नेव्हिल आमच्या घरात आला तो आजोबांमुळं. माझे आजोबा, म्हणजे मम्मीचे वडील, बेळगावात कॅम्पमध्ये राहायचे. मूळचे गोव्यातल्या बार्देशचे. डिसोझा कुटुंबाचं मूळ गावही बार्देशातलंच, आसगाव. आजोबांचं गाव वेगळं, पण तेवढ्या आधारावर ते नेव्हिलला आपला गाववाला म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं की नेव्हिल हे आमचे कोणीतरी लांबचे काका असावेत. आजोबांच्या गोष्टीत नेव्हिल कधी चार गोल मारायचा, कधी पाच, आणि एका नाताळात तर त्यानं सहासुद्धा मारले होते. आजोबा आता नाहीत. त्यामुळं गोल किती ते मला स्वतःच तपासावे लागले.

नेव्हिलचं फुटबॉल मुंबईत घडलं. त्या काळी बार्देश, साळशेतमधली पुष्कळ घरं मुंबईच्या पगारावर चालायची. कोणी जहाजावर, कोणी कचेरीत, कोणी बँडमध्ये. धोबीतलाव भागात गावागावाचे कूड होते, म्हणजे एकेका गावच्या माणसांनी मिळून चालवलेल्या राहायच्या खोल्या. तिथं सामान ठेवायला एक ट्रंक, भिंतीवर आल्तार आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स. या लोकांबरोबर मुंबईत फुटबॉल आणि हॉकीही रुजली. मुंबईची हारवूड लीग १९०२ पासूनची आणि रोव्हर्स चषक तर १८९१ पासूनचा. सुरुवातीला ते गोऱ्या पलटणींचे खेळ होते. पुढं कंपन्यांचे संघ आले, आणि त्यांत टाटा स्पोर्ट्स क्लब हे मोठं नाव. नेव्हिल या टाटांकडून खेळायचा.

आता हंगाम म्हणजे काय होता ते नीट समजून घ्या, कारण आमचं भांडण इथंच अडकलं होतं. मुंबईत फुटबॉल पावसाळ्यात खेळायचं. जूनमध्ये पाऊस लागला की लीग सुरू, कूपरेजच्या मैदानावर चिखल, चामड्याचा बॉल पाणी पिऊन जड झालेला, तो डोक्यानं मारायचा म्हणजे कपाळ शेकून निघायचं. पाऊस ओसरला की रोव्हर्ससारख्या स्पर्धा. पण खेळायचा पगार नावाची गोष्टच नव्हती. कंपनी खेळाडूला नोकरी द्यायची. दिवसा कचेरी, सरावाला आणि सामन्याला सुट्टी, महिन्याला पगार. हंगाम बरा गेला काय, वाईट गेला काय, पगार तोच. गोल करणाऱ्याला कोणी विकत घ्यायचं नाही आणि पाय मोडणाऱ्याला कोणी लगेच घरी पाठवायचं नाही. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. नेव्हिलनं पुढचा विचार केला नव्हता असं नाही, पुढची सोय आधीच झालेली होती.

१९५४ च्या हंगामात मुंबईनं पहिल्यांदा संतोष करंडक जिंकला, त्या संघात नेव्हिल होता. सेंटर फॉरवर्ड. या जागेवरच्या माणसाचं काम बाहेरून सोपं दिसतं. बाकीचे दहा जण धावतात, हा पुढं उभा राहतो आणि बॉल आला की आत ढकलतो. भाऊ म्हणतो की तसं काही नसतं. बॉल कुठं पडणार ते बचाववाल्याच्या आधी कळायला लागतं, आणि पूर्ण सामन्यात अशा दोन किंवा तीनच वेळा येतात. त्या चुकल्या तर बाकी कितीही धावलं तरी लोकांच्या लेखी तो माणूस नापास.

नेव्हिलच्या आयुष्यातल्या अशा वेळा १९५६ साली आल्या. ते साल आपल्या भागातल्या लोकांना वेगळ्याच कारणानं पाठ आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, निपाणी त्याच्याबरोबर. चंदगड तेवढं तिकडं राहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ ला, गोव्याच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला होता आणि त्यानंतर गोव्याची हद्द बंद झाली होती. कॅसलरॉकवरून जाणारी गाडी थांबली. आजोबा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे, बेळगावात काकांकडं राहून शिकत होते. आई पलीकडं, पोरगा अलीकडं, आणि मध्ये शंभर-सव्वाशे किलोमीटरचा घाटरस्ता, पण जायचं कसं? आपण कुठल्या राज्याचे, कुठल्या देशाचे, हे तेव्हा त्यांना नीट सांगता येत नव्हतं असं ते म्हणायचे. नेव्हिलचंही तेच होतं की. आसगाववर पोर्तुगालचा झेंडा, आणि हा भारताचा निळा शर्ट घालून मेलबर्नला निघालेला.

त्याआधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये आपल्या संघाची ओळख अनवाणी संघ अशी होती. १९४८ मध्ये लंडनला फ्रान्सकडून २-१ अशी निसटती हार झाली, तेव्हा अनवाणी पायांचं कौतुक झालं. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं १०-१ असं हरवलं, तेव्हा कौतुक संपलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते, एके काळचे शाळामास्तर. दोन वर्षांपूर्वी आलेला ‘मैदान’ हा सिनेमा त्यांच्यावरच आहे. त्यात नेव्हिलचंही पात्र आहे. आम्ही तो थिएटरात बघितला, आणि नेव्हिल पडद्यावर आल्यावर भावानं शिट्टी मारली. आख्ख्या थिएटरात तेवढी एकच शिट्टी होती.

भारताची पहिली लढत हंगेरीशी ठरली होती. पण ऑक्टोबरअखेर बुडापेस्टमध्ये उठाव झाला, नोव्हेंबरमध्ये रशियन रणगाडे घुसले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. एकूण अकराच देश फुटबॉल खेळले. भारत न खेळता उपांत्यपूर्व फेरीत गेला. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, जपानला २-० असं हरवून आलेला.

१ डिसेंबर १९५६, मेलबर्नचं ऑलिंपिक पार्क. बेळगावात तेव्हा थंडी असते, तिकडं उन्हाळा. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, उजव्या बगलेवर पी. के. बॅनर्जी, मध्ये नेव्हिल. नवव्या मिनिटाला बद्रूंचा फटका गोलच्या चौकटीला लागून परत आला आणि नेव्हिलनं तो डोक्यानं आत घातला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. ऐंशीव्याला किट्टूनं चौथा मारून सामना संपवला, ४-२. म्हणजे नेव्हिलचे गोल तीन. आजोबांच्या सहाचे तीन झाले, पण मला वाईट वाटलं नाही. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियातल्या खेळाडूनं केलेली ती पहिली हॅटट्रिक होती, आणि उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा आशियातला पहिला देश. ऑस्ट्रेलियाला कदाचित हे नशिबाचं वाटलं असेल. काही दिवसांनी सिडनीत मैत्रीपूर्ण सामना झाला, तो भारतानं ७-१ असा जिंकला.

आजोबांना ही बातमी कॅम्पमधल्या एका हॉटेलातल्या रेडिओवर कळली. कोण जिंकलं यापेक्षा निवेदकानं डिसोझा हे नाव घेतलं याचंच त्यांना अप्रूप. आपल्या आळीत, चर्चच्या यादीत असतं तसलं नाव, आणि ते भारताच्या बातम्यांत. हद्द उघडायला अजून पाच वर्षं होती. पण त्या रात्री त्यांनी काकांना सांगितलं की मी आता इकडचाच.

तीन दिवसांनी, ४ डिसेंबरला, उपांत्य सामना झाला. समोर तीच युगोस्लाव्हिया, आदल्या फेरीत अमेरिकेला ९-१ असं चिरडून आलेली. मध्यंतरापर्यंत गोल नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलनं गोल केला आणि भारत १-० नं पुढं गेला. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपासून आपण तेव्हा अडतीस मिनिटं लांब होतो. पण दोनच मिनिटांत बरोबरी झाली, आणखी तीन मिनिटांत ते पुढं गेले, शेवटी ४-१. त्या काळात आपल्याकडचे बरेच सामने सत्तर मिनिटांचेच असायचे. नव्वद मिनिटं पळायची सवय नसलेले पाय, आणि बदली खेळाडू उतरवायची सोय नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० नं हरवलं. भारत चौथा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण त्याच्या वर पुन्हा कधीच गेलो नाही. भारताचे एकूण गोल पाच, त्यातले चार नेव्हिलचे. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्या बरोबरीनं तो स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा ठरला.

इथपर्यंत भाऊ जिंकत होता. मी पुढचं वाचलं आणि पारडं डॅडींकडं झुकलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात नेव्हिल नाही. १९६२ मध्ये जाकार्ताला रहीमसाहेबांच्या संघानं दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं, त्यातही तो नाही. टाटांचाच, मूळ गोव्याचाच फोर्तुनातो फ्रँको त्या संघात होता. नवी पोरं आली होती, चुनी गोस्वामी, जरनैल सिंग. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, फुटबॉलचा पहिला मान पीकेंना मिळाला आणि तो योग्यच होता. पण मेलबर्नमध्ये चार गोल करणाऱ्याचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही. १९८० मध्ये तो गेला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. आजच्या डॅडींपेक्षाही लहान.

पहिल्यांदा मला वाटलं, झालं, आता भावाला सांगायला एवढं पुरे. चार दिवसांची कीर्ती आणि मग विसर. पण मी पुन्हा तारखा मांडून बघितल्या आणि अडखळले. मेलबर्नला नेव्हिल चोवीस वर्षांचा होता. त्याचे चारही गोल १ ते ४ डिसेंबर या चार दिवसांतले. पुढच्या ऑलिंपिकपर्यंत त्याची जागा गेली होती. म्हणजे आधी सगळं स्थिरस्थावर करून मग खेळतो असं त्यानं ठरवलं असतं, तर ते चार दिवस त्याला मिळालेच नसते. खेळाडूचं वय आपल्यासारखं सावकाश चालत नाही. हे भावाच्या बाजूचं.

आणि डॅडींच्या बाजूचं असं, की नेव्हिलच्या पाठीशी जी नोकरी होती ती आज नाही. आज फुटबॉल हाच धंदा आहे आणि त्यात पगार आहे, हे खरं. पण तो पगार हंगामापुरता, आणि हंगामाचाच भरवसा नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं ती २००५-०६ मध्ये जिंकली, आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे गोव्याचे तीन मोठे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच थांबवला गेला, तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबांचे खेळाडूही घरी बसून वाट बघत होते. नेव्हिलच्या काळात खेळाडूला खेळाचे पैसे मिळत नव्हते, पण खेळ थांबला तरी घर चालत होतं. माझ्या भावाला खेळाचे पैसे मिळणार होते, आणि खेळ थांबला तर काहीच नाही. दोन्हींतलं चांगलं तेवढं एकत्र कोणाला मिळालंय? मला तरी कोणी सापडलं नाही.

हे सगळं मी एका रविवारी, मिसाहून आल्यावर, घरात सगळ्यांसमोर सांगितलं. कोणाची बाजू घेतली नाही, तारखा तेवढ्या सांगितल्या. मम्मी म्हणाली की तुला समजवायला सांगितलं होतं, वकिली करायला नाही. डॅडी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नेव्हिल टाटांत असताना कचेरीत खरंच जायचा का ते विचारलं. मी म्हटलं की त्या काळी तीच पद्धत होती. ते म्हणाले, मग याच्याही गळ्यात काहीतरी कचेरी बांधा. त्या वाक्यातून वाट निघाली. भावानं बीकॉमला बाहेरून बसायचं, पुस्तकं बॅगेत न्यायची, परीक्षेचा फॉर्म स्वतः भरायचा, आणि या अटीवर आठ महिने खेळायला जायचं. पहाटे पाचच्या बसला डॅडी स्वतः त्याला निपाणी स्टँडवर सोडून आले.

त्याला आता पाच महिने झाले. गोल एकही नाही. बहुतेक वेळ तो बाकावरच असतो. मागच्या २ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, चर्चमध्ये द्यायच्या नावांची यादी आम्ही केली. आजोबांच्या नावाखाली भावानं फोनवरून एक नाव घालायला सांगितलं. मम्मी म्हणाली की तो आपल्या घरातला नाही, आणि तरीही तिनं ते लिहिलं.

डॅडी रोज रात्री फोन करतात. जेवलास का आणि परीक्षेचे पैसे भरलेस का, एवढे दोनच प्रश्न असायचे. मागच्या आठवड्यात त्यांनी तिसरा विचारला, परवाच्या सामन्यात किती मिनिटं खेळलास म्हणून. अकरा, असं उत्तर आलं. डॅडींनी ते कॅलेंडरवर, त्या तारखेखाली, पेननं लिहून ठेवलं आहे.